बापाच्या नावाचा रकाना

हरिचंद वसमतहून परत आला आणि घराकडं न येता आधी विहिरीवर गेला. गोजरबाईनं ओट्यावरून पाहिलं आणि ती उठून आत चुलीपाशी गेली. पोरगं खुशीत असलं की सरळ चुलीपाशी येऊन भाकरी मागायचं. विहिरीवर जाऊन तोंड धुतलं म्हणजे काहीतरी बिघडलं होतं. सतरा वर्षांत तिला आपल्या लेकाचं एवढं तरी कळत होतं.

मॅट्रिकचा निकाल लागून पंधरा दिवस झाले होते. परभणीला राहून मॅट्रिक पास झालेला गावातला हा पहिलाच पोरगा. त्या दिवशी तिच्या थोरल्या दिरानं, रामकिशननं, घरोघर गूळ वाटला होता, आणि पोराचा बाप संतराम गोठ्याच्या दाराशी उभा राहून आपल्या वाट्याचा खडा चघळत होता. बापानं आपल्या लेकराचं कौतुक वडीलधाऱ्यांसमोर करायचं नाही ही या घरची रीत, आणि संतरामनं ती इतकी पाळली की हरिचंदला लहानपणी त्यानं चारचौघांत कधी कडेवरसुद्धा घेतलं नाही. घेतलं ते रामकिशननं. जत्रेला खांद्यावर, शेतात पाठीवर, परभणीला पोचवायला रेल्वेत शेजारी. रामकिशनला मूलबाळ नव्हतं, आणि त्याच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, गोजरबाईच्या लेकराला आपल्या हातानं न्हाऊ घालून वाढवलं होतं. पोराला देवी आल्या तेव्हा एकवीस दिवस त्याला कडुनिंबाच्या पाल्यावर घेऊन बसली होती ती द्वारकाबाई. गोजरबाई त्या वेळी स्वतःच तापानं अंथरुणात होती. हे उपकार ती कधी बोलून दाखवत नसे, पण रोज सकाळी जावेच्या आधी उठून तिच्या आंघोळीचं पाणी तापवत असे.

आता पोराला हैदराबादला, उस्मानियात, पुढं शिकायला जायचं होतं. अर्ज उर्दूत. तो भरून द्यायला हरिचंदच्या पहिल्या शाळेतले पंतमास्तर होते. राहिला होता एक मुल्की दाखला, म्हणजे हा मुलगा हैदराबाद संस्थानातलाच आणि अमक्याचा मुलगा, असं वसमतच्या कचेरीनं शिक्का मारून लिहून द्यायचं. तो जोडला नाही तर अर्ज बाजूला पडेल, असं पंतमास्तरांनी बजावलं होतं. आणि अर्ज पोचायला आठ दिवस उरले होते.

हरिचंद तोंड पुसत आला. ओट्यावर रामकिशन बसला होता, संतराम खाली पायरीवर. द्वारकाबाई आतल्या दारात सुपात तूर पाखडत होती.

"दाखला न्हाई दिला," हरिचंद म्हणाला. "कागद जुळत न्हाईत म्हणले."

"काहून?" रामकिशन म्हणाला.

"शाळेच्या दाखल्यावर माझ्या बापाचं नाव रामकिशन हाय. आन् पटवाऱ्याच्या रिपोर्टात लिव्हलंय, रामकिशन वल्द दगडोबा, ला..." पोरगं थांबलं. त्याची नजर दाराकडं गेली.

"लावल्द," रामकिशननंच शब्द पुरा केला.

वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, लावल्द म्हणजे निपुत्रिक. द्वारकाबाईला उर्दूचं ओ की ठो कळत नव्हतं, पण हा एक शब्द तिला कळत होता. सुपाचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला.

"मंग त्यायनी इचारलं," हरिचंद खाली बघत म्हणाला, "तू हाय तरी कोणाचा?"

गोजरबाईला चुलीपाशी सगळं ऐकू गेलं. गेली अकरा वर्षं ती या दिवसाची वाट बघत होती असं म्हटलं तरी चालेल.

अकरा वर्षांमागं, हळद शिजवायच्या दिवसांत, तिनं हरिचंदला शाळेत घातलं होतं. खरं तर ते काम रामकिशनचं. पण दोघं भाऊ काहिलीपाशी होते, आणि काहिलीखालचा जाळ सोडून माणसाला हलता येत नाही. द्वारकाबाई भावाच्या लग्नाला माहेरी गेलेली. मुहूर्त चुकू नये म्हणून गोजरबाई एकटीच सहा वर्षांच्या पोराचं बोट धरून निघाली. मास्तरांनी वही उघडली, टाक शाईत बुडवला आणि विचारलं, "मुलाच्या वडलांचं नाव?"

तिनं पदर पुढं ओढला. नवऱ्याचं नाव तिनं लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. परक्या माणसापुढं, दिवसाढवळ्या, नुसतं नाव घेणं तिला जमेना. मास्तरांनी वाट पाहिली आणि मग पोरालाच विचारलं, "बाळ, तू कोणाचा रे?"

"रामकिशनचा," पोरगं खणखणीत बोललं. ज्याच्या खांद्यावर बसायचं त्याचा, यात त्याचं काय चुकलं?

टाक कागदावरून फिरला. गोजरबाईला दिसत होतं, ऐकू येत होतं, आणि तोंड उघडत नव्हतं. नवऱ्याचं नाव घेता येत नव्हतं आणि थोरल्या दिराचंही घेता येत नव्हतं. "धाकट्याचा" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, हे तिला घरी येताना ओढ्यापाशी सुचलं. मग उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता पोरगं चौथीत गेलं, आणि मग सांगायची सोयच राहिली नाही.

संध्याकाळच्या आत हरिचंद पंतमास्तरांना घेऊन आला. विष्णुपंत आता निवृत्त झाले होते, पण शिकवलेल्या पोराचे कागद अडले म्हटल्यावर काठी टेकत अर्धा कोस चालून आले. ओट्यावर घोंगडी अंथरली, गुळपाणी झालं. पंतांनी शाळेचा दाखला डोळ्यांजवळ धरून पाहिला.

"अक्षर माझंच," ते म्हणाले. "पण हे नाव मला सांगितलं कोणी?"

तेव्हा गोजरबाई दाराआडून बोलली. थोरल्या दिरासमोर ती एरवी बोलत नसे, आणि त्या दिवशीही तोंड भिंतीकडं करूनच बोलली. "मास्तर, लेकरानं सांगितलं. म्या तितंच व्हते. मला धन्याचं नाव घेता आलं न्हाई, म्हणून म्या गप बसले. चूक मही हाय. अकरा वर्सं कोन्हाला बोलले न्हाई." आणि ती रडायला लागली.

कोणी रागावलं नाही, हेच तिला जास्त लागलं. संतराम पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला. द्वारकाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि गोजरबाईकडं बघत राहिली. ती नजर गोजरबाईला कळली नाही.

"चूक तुमच्या एकट्यांची नाही, बाई," पंत म्हणाले. "सहा वर्षांच्या पोराच्या तोंडचं लिहून घेतलं मी. दुसऱ्या दिवशी शेतावर येऊन विचारायला मला काय झालं होतं? असो. आता ऐका. वाटा दोन आहेत. एक म्हणजे पटवाऱ्यानं आपला रिपोर्ट बदलायचा आणि मुलगा रामकिशनचा असं लिहायचं. शाळेचा दाखला आहे तसा चालेल, दोन दिवसांत अर्ज टपालात पडेल. दुसरी वाट म्हणजे शाळेतलं नाव चुकलं, हे कचेरीत शाबित करायचं. पण भावाभावांच्या बोलण्यावर कागद तपासणारे पेशकार विश्वास ठेवणार नाहीत, त्यात वाटणीची भानगड असेल म्हणतील. जन्माच्या वेळी हजर असलेल्या बाईची साक्ष लागेल."

"सुईण तर मेली," रामकिशन म्हणाला.

"सुईण पोचायच्या आदीच पोरगं झालं व्हतं," संतराम म्हणाला. "वैनीच व्हत्या." मग त्यानं मान वर केली. अख्ख्या दिवसात त्यानं पहिल्यांदा मान वर केली होती. "मास्तर, पहिलीच वाट धरा. दादाचं नाव हाय ते राहू द्या."

"डोकं फिरलं का तुझं?" रामकिशन म्हणाला.

"काहून फिरंल? पोराला शाळेत कोणी ठिवलं? मी म्हणत व्हतो चौथी बस झाली. तुमी त्याला परभणीला नेलं, तुमी त्याच्या मास्तरांच्या पाया पडले. मला हळदीच्या गड्ड्याच्या पुढचं कळत न्हाई, दादा. हे पोरगं शिकलं ते तुमच्यामुळं. कागदावर तुमचं नाव हाय ते काही खोटं न्हाई."

"बाप तू हायेस."

"असंन. तुमी बी हाव."

रामकिशननं शाळेचा दाखला पंतांसमोरून उचलून हातात घेतला. नको म्हणायला त्याला जड जात होतं, हे गोजरबाईला दाराआडूनही दिसलं. दिरावर तिचा राग नव्हता. पन्नाशीच्या माणसाला सरकारी कागद लावल्द म्हणतो आणि दुसरा कागद मुलगा देतो, तर त्यानं कोणता उचलावा? राग आला तो नवऱ्याचा. आपल्या पोटचं पोरगं हा माणूस गुळाच्या खड्यासारखं देऊन मोकळा होतो आहे.

"मला इचारलं का कोन्ही?" ती म्हणाली. या वेळी तिनं तोंड भिंतीकडं केलं नाही.

तेव्हा द्वारकाबाई उठली, पदर खोचला. "म्या येते उद्या कचेरीत," ती म्हणाली. "गोजर बी येईल."

"आपल्या घरच्या बाया कचेरीची पायरी चढल्या न्हाईत अजून," रामकिशन म्हणाला. "आन् तू सांगशील काय तितं?"

"इचारतील ते सांगीन." आणि ती भाकरीचं पीठ काढायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपली तेव्हा द्वारकाबाई ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून आली. गोजरबाईनं ते पाहिलं आणि तिला आणखीच धास्ती वाटली. सणाचं लुगडं माणूस कशासाठी नेसतं? काही मिळवायला निघालं असेल तर. तिथं जाऊन जावेनं पोरगं माझं एवढं म्हटलं की ते तिचं झालं. शाळेचा कागद तिच्या बाजूनं होता, संतराम तिच्या बाजूनं होता, आणि खरं सांगायचं तर गोजरबाईच्या मनातला अर्धा भागही तिच्याच बाजूनं होता. एकवीस दिवस कडुनिंबाच्या पाल्यावर बसलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? पण उरलेला अर्धा भाग सारखा म्हणत होता, माझं लेकरू, माझं लेकरू. असं करता करता गाडी सगळ्यांना आणि पंतांना घेऊन वसमतच्या कचेरीपुढं येऊन उभी राहिली.

पेशकार शंकरसिंग चष्मा कपाळावर चढवून बसले होते. त्यांनी सगळे कागद पाहिले, पंतांचं बोलणं ऐकलं, आणि दोघा भावांना आणि हरिचंदला बाहेर व्हरांड्यात उभं राहायला सांगितलं. बायकांना साक्ष मोकळेपणानं देता यावी म्हणून. मग ते गोजरबाईकडं वळले.

"बाई, लडके की माँ आप? बराबर. अब लडके के बाप का नाम बताओ."

अकरा वर्षांनी तोच प्रश्न. गोजरबाईनं घसा साफ केला. रात्रभर तिनं ते नाव मनात घोकलं होतं. "हरीचे तात्या," ती म्हणाली.

"तात्या तो हर घर में है. नाम."

"घ्या बाई, इथं चालतं," पंत हळूच म्हणाले.

तिनं परत तोंड उघडलं. ओठ हलले आणि आवाज काही आला नाही. पेशकारांनी दौतीवर टाक आपटला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिला आतून स्वतःचा असा संताप आला की जमीन दुभंगली असती तर ती खुशाल आत गेली असती.

"तिला न्हाई जमायचं, साहेब." द्वारकाबाई पुढं आली. "तिला धन्याचं नाव घेता येत न्हाई, आन् मह्या मालकाचं तर त्याहून न्हाई, थोरला दीर हाय तिचा. पर मला धाकट्या दिराचं नाव घेता येतं. म्या त्याला सात वर्साचा असल्यापून हाका मारते." तिनं श्वास घेतला. "हे लेकरू संतरामचं हाय. संतराम दगडोबाचं. लिवून घ्या."

"आपको कैसे मालूम?"

"नाळ म्या कापली. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, दुपारी. सुईण नदीच्या पल्याड अडकली व्हती. लेकरू रडंना. म्या पालथं धरून पाठीवर थापटलं, तवा रडलं." तिच्या हातानं आपोआप ते थापटणं करून दाखवलं. "ह्या हातानं."

शंकरसिंगांनी लिहिलं. मग न बघता विचारलं, "और आप के मालिक? ये पटवारी का रिपोर्ट?"

खोलीत बाकीचे कारकून टाक थांबवून ऐकत होते. द्वारकाबाई ताठ उभी होती.

"पटवाऱ्यानं लिव्हलंय ते बराबर हाय," ती म्हणाली.

शंकरसिंगांनी टाक खाली ठेवला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. "बैठो, माय," ते म्हणाले, आणि शिपायाला पाणी आणायला सांगितलं. कचेरीत बाईमाणसाला बसायला सांगितलेलं पंतांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं, असं ते नंतर कित्येकांना सांगत.

दुपारपर्यंत शिक्का पडला. व्हरांड्यात बसून पंतांनी अर्ज नव्यानं भरला. वालिद, म्हणजे बाप, या रकान्यात संतराम. त्याच्याखाली सरपरस्त, म्हणजे पोराची जबाबदारी घेणारा, त्याची सही. संतरामनं कागद न बघताच भावाकडं सरकवला.

"तितं दादाचं."

"तितं बी तुझंच चालतं," रामकिशन म्हणाला.

"चालतं, पर खरं न्हाई."

रामकिशननं मोडीत सही केली. एरवी दोन झटक्यांत होणारी सही त्यानं एकेक अक्षर दाबून केली आणि शाईवर बराच वेळ फुंकर घातली. हरिचंदनं सगळा अर्ज मोठ्यानं वाचून दाखवला.

"आन् आमचं नाव कुटं हाय?" द्वारकाबाईनं विचारलं.

"आईच्या नावाचा रकानाच न्हाई, मोठी माय."

"बरं झालं. न्हाईतर दोघींचं भांडण लागलं असतं." ती हसली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच गोजरबाईलाही हसू फुटलं.

पुरुष मंडळी आणि हरिचंद अर्ज रजिस्टर करायला टपाल कचेरीत गेली. दोघी जावा कडुनिंबाखाली सोडलेल्या गाडीत बसून राहिल्या. बैल कडबा खात होते. गोजरबाई एकदम वाकली आणि तिनं जावेच्या पायांवर डोकं ठेवलं.

"उठ. लोक बघून राहिलेत."

"बघू द्या. अक्का, तुमचे उपकार म्या कवा फेडू?"

"उपकार तुझे हायेत मह्यावर," द्वारकाबाई म्हणाली. "म्या माहेरून आले त्या दिशी लेकरानं पाटी आणून दावली. मास्तरनं वर नाव घालून दिलं व्हतं. वाचून दावलं मला, हरिचंद रामकिशन. म्या पाटी मांडीवर घेऊन बसले. मला वाटलं, गोजरनं दिलं. बोलली न्हाई, पर दिलं. मंग कोन्ही लग्नात वटी भरताना मला वगळलं, वांझ म्हणलं, की म्या मनात म्हणायचे, शाळेत जाऊन वही बघा." ती बैलाकडं बघत बोलत होती. "अकरा वर्सं काढली म्या त्या नावावर."

गोजरबाईला आता गप्प राहता आलं असतं. गप्प राहणं तिला चांगलं जमत होतं. पण या बाईपुढं ते पाप झालं असतं.

"अक्का, म्या दिलं न्हवतं. मला बोलता आलं न्हाई, बस एवढंच. म्या लाजले व्हते."

"म्हाईत हाय. काल मास्तरापुढं तू सांगितलं तवा कळलं."

"मंग काल कळल्यावर बी आज तुमी..."

"तू दिलं असतं तर ठिवून घेतलं असतं म्या. कचेरीत बी भांडले असते. पर न्हाई दिलेलं कसं ठिवायचं?" द्वारकाबाईनं लुगड्याच्या काठावरची धूळ झटकली. "पर घेतलं तर व्हतं न्हवं म्या इतके दिवस. त्याचे उपकार राहतेतच."

टपाल कचेरीच्या पायऱ्यांवरून चौघं उतरताना दिसले. हरिचंद हातातला पावतीचा कागद उंच धरून हलवत होता. गोजरबाईनं डोळे पुसले. नवऱ्याचं नाव अजूनही तिला घेता आलं नसतं. पण आज तिला दुसरं काही बोलायचं होतं, आणि ते बोलताना तिचा आवाज अडकला नाही.

"अक्का, हैदराबादला निघंल तवा त्याच्या हातावर दही तुमी ठिवायचं. ओवाळायचं बी तुमीच. म्या मागं उभी राहीन." तिनं जावेचा हात धरला. "अर्धं लेकरू तुमचं. आज देते म्या. तोंडानं बोलून देते."

द्वारकाबाईनं तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. गोजरबाई तिचा हात धरून थांबली. बोलता येत नाही म्हणजे काय, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?